आधी सॉफ्टवेअर की आधी वही?

धागाकर्ती (वेर्णा): नोकरी सांभाळून संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यायची असेल, तर ती थेट सॉफ्टवेअरवर आणि स्वतःच्या कामातल्या आकड्यांवरच करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते. प्रमाण विचलनाचे, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते मोजण्याचे, सूत्र मी महाविद्यालयात पाठ केले होते; त्याचा अर्थ मात्र उमगला तो गोळ्यांच्या वजनांचा स्तंभालेख ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर. त्यात एकाऐवजी दोन उंचवटे दिसले, कारण दोन यंत्रांवरच्या गोळ्यांची वजने एकाच यादीत मिसळली होती. ‘आर’ विनामूल्य आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

निवृत्त शिक्षक (फोंडा): ताई, ते दोन उंचवटे आपल्याला वाचता आले, कारण त्या यंत्रांपाशी आपला रोजचा वावर आहे, ते श्रेय सॉफ्टवेअरचे नव्हे. माझा विरोध बटणापासून सुरू होणाऱ्या शिक्षणाला आहे. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रे शेजारी-शेजारी दिसतात: ‘एसटीडीईव्ही.पी’ विचलनांच्या (सरासरीपासूनच्या फरकांच्या) वर्गांची बेरीज नोंदींच्या संख्येने भागते, तर ‘एसटीडीईव्ही.एस’ त्याहून एकाने कमी संख्येने. वाचने सहाच असतील तर दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा सुमारे ९.५ टक्क्यांनी मोठे येते. समष्टी म्हणजे सगळा समूह आणि नमुना म्हणजे त्यातून निवडलेला भाग, हे ज्याने वहीत एकदाही मांडून पाहिलेले नाही, त्याला यांतले एक सूत्र का निवडले ते सांगता येत नाही, आणि अहवालावर सही मात्र त्याचीच असते.

आरोग्य नोंदी सांभाळणारा (डिचोली): मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आमच्याकडे वय न सांगणाऱ्यांपुढे ९९ लिहिण्याची पद्धत होती. सरासरी वय ४० असलेल्या १८ जणांच्या यादीत असे आणखी दोन ९९ राहून गेले आणि सरासरी ४५.९ निघाली. सूत्रात चूक नव्हती, सॉफ्टवेअरनेही सांगितले तेवढेच केले. शिकणाऱ्याचा पहिला आठवडा नुसती यादी नजरेखालून घालण्यात जावा.

धागाकर्ती: सर, भागाकाराचा आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि सहा वाचनांचे एक गणित हाताने करायला माझी हरकत नाही. त्यापुढे मात्र हातचे गणित अपुरे पडते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ साली आकड्यांच्या प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच मांडले. चारही संचांत सरासरी आणि प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) जवळजवळ सारखे, सहसंबंधही (जोडीतले दोन आकडे एका सरळ रेषेत किती बरोबर चालतात त्याचे माप) सुमारे ०.८१६. आलेख काढला की एकात बिंदू रेषेभोवती विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात चक्क वक्र दिसतो आणि उरलेल्या दोहोंत एकेका बिंदूने सगळे चित्र बिघडवलेले असते. केवळ सूत्रे सोडवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. डिचोलीच्या बंधूंचे दोन ९९देखील आलेखात बाजूला पडलेले दिसलेच असते.

निवृत्त शिक्षक: आलेख वहीतही काढता येतो, ताई, ११ बिंदूंना आलेखकागदाचे एक पान पुरते. तो हाताने काढताना प्रत्येक बिंदू कोणत्या नोंदीतून आला हे ध्यानात राहते, म्हणून पहिला महिना तरी वहीचाच असावा, या मतावर मी कायम आहे.