मदत हवी आहे : हरित प्रमाणपत्र असलेली जुनी कार्यालयीन इमारत घेताना काय तपासावं?

आमचा गट आठ मजली इमारत घ्यायच्या विचारात आहे. वय २० वर्षं, क्षेत्रफळ १२,००० चौ. मी., वर्षाचा वीजवापर २६.४ लाख युनिट. लीड (हरित इमारतींचं मानांकन) प्रमाणपत्र आहे. विक्रेत्याच्या मते चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारं यंत्र) बदलला की पुरे. करारापूर्वी काय मागावं?

प्रतिसाद १
प्रमाणपत्र नव्या बांधकामाचं की चालू इमारतीचं, ते आधी बघा. नव्या बांधकामाचं असेल तर त्यातला ऊर्जेचा आकडा संगणकावरच्या अंदाजाचा असतो, बिलाचा नव्हे. ऑस्ट्रेलियातलं नेबर्स हे इमारतींचं मानांकन मात्र प्रत्यक्ष वापरावर बेतलेलं असतं.

तुमचा हिशोब प्रति चौ. मी. २२० युनिट येतो. पण किती मजले रिकामे आहेत हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दर १५ मिनिटांना नोंदलेला भार १२ महिन्यांचा मागा आणि पहाटे २ ते ४ चे आकडे आधी काढा. समजा तेव्हा ११० किलोवॅट भार दिसला. रोज १२ तास, वर्षात २६० दिवस कामकाज धरलं तर उरतात ५,६४० तास. म्हणजे इमारत बंद असताना ६.२ लाख युनिट, एकूण वापराचा जवळजवळ चौथा हिस्सा! सर्व्हर आणि सुरक्षेचे दिवे वजा करा. उरलेलं बहुधा वेळापत्रक मोडून चालू ठेवलेले वातानुकूलनाचे पंखे-पंप असतात. चिलर बदलून ते थांबणार नाहीत.

धागाकर्ता
आभार. मग चिलरला हातच लावू नये का?

प्रतिसाद २
लावा, पण शेवटी. आधी थंड पाण्याचं जातानाचं आणि परततानाचं तापमान मोजा. आराखडा ६ आणि १२ अंशांचा असताना पाणी ९ अंशांवर परतत असेल, तर तेवढंच पाणी फिरून निम्मंच काम होतंय. कॉइलवर (थंड पाण्याच्या ज्या नळ्यांवरून हवा जाते त्यांवर) धूळ, उघडा अडकलेला व्हॉल्व्ह किंवा बायपास (कॉइल टाळून पाणी परत नेणारी वाट) ही नेहमीची कारणं. ती तशीच ठेवून नवा चिलर बसवला तर तोही अर्ध्या भारावर रखडेल.

पंख्यांना ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारी उपकरणं) आहेत म्हणून खूश होऊ नका, ते कोणत्या वेगाने फिरतात ते पाहा. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी लागते. पण डक्टमधल्या (हवा नेणाऱ्या नळातल्या) दाबाचं सेटिंग कुणी चढवून ठेवलं असेल तर ड्राइव्ह असूनही पंखे कायम पूर्ण वेगात.

शीतकाची (चिलरमधल्या थंडावा देणाऱ्या वायूची) भरणवही, म्हणजे तो कधी किती भरला याची नोंद, मागायला विसरू नका. आर-१३४ए या शीतकाची १० किलो गळती म्हणजे, १,४३० हा तापनांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमानवाढ होते तो आकडा) धरून, १४.३ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. आर-२२ हे ओझोनला घातक म्हणून बाद होत चाललेलं शीतक असेल तर चिलर बदलण्याचा खर्च आत्ताच किमतीतून वळता करून घ्या.

प्रतिसाद ३
वरील दोघांना अनुमोदन, पण खरी गाठ भाडेकरारात आहे. खर्च मालकाचा आणि बिल भाडेकरूचं कमी, असं असेल तर सुधारणा होतच नाही. कलम असं घाला : सुधारणेचा खर्च भाडेकरूकडून वार्षिक हप्त्यांत वसूल होईल, पण हप्ता त्याच्या अंदाजित बचतीपेक्षा जास्त नसेल. सोबत प्रत्येक मजल्याला उपमीटर आणि नोंदी मालकाला देण्याची अट. भाडेकरूने स्वतः चालवलेल्या जागेची वीज मालकाच्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबात स्कोप ३ मध्ये, म्हणजे इतरांमार्फत होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, येते. नोंदच मिळाली नाही तर अहवालात अंदाज लिहावे लागतात.

चालू करारात ही कलमं भाडेकरूच्या संमतीशिवाय मधेच घालता येत नाहीत. म्हणून मजलेनिहाय करार कधी संपतात ती यादी आजच मागा आणि कॉइल-डक्टची कामं त्या तारखांना जोडा.