विंडोज ७ : सगळे आयकॉन नोटपॅडमध्ये उघडतायत

ए-२०४ : मंडळी, विंडोज ७ आहे. डेस्कटॉपवरचं काहीही उघडा, नोटपॅड येतो आणि आत अगम्य चौकोन. स्टार्ट मेनूतूनही तेच. व्हायरस का?

सी-३०१ : फॉरमॅट मारा काका.

बी-१०२ : फॉरमॅट नको, व्हायरसही बहुधा नाही. शॉर्टकट म्हणजे डॉट एलएनके फाइल, आणि त्या प्रकाराला नोटपॅड कायमचा चिकटलाय. स्टार्ट मेनूतही शॉर्टकटच असतात, म्हणून तिथेही तेच. मूळ प्रोग्राम शाबूत आहेत.

विंडोज आणि आर एकत्र दाबा, रेजएडिट टाइप करून एंटर, म्हणजे रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) उघडेल. मग एचकी करंट युजर › सॉफ्टवेअर › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › करंट व्हर्जन › एक्सप्लोरर › फाइलएक्स्ट्स › डॉट एलएनके. त्यावर उजवं क्लिक करून आधी एक्स्पोर्ट, म्हणजे जुन्याची प्रत राहील. आत 'युजरचॉइस' दिसेल, ती आख्खी की (रजिस्ट्रीतला फोल्डर) डिलीट. मग लॉगऑफ करून परत लॉगिन.

ए-२०४ : युजरचॉइसमधलं नाव बदलून बघितलं, एरर देतंय.

बी-१०२ : देणारच. त्या कीमध्ये लिहायला विंडोजने मुद्दाम मनाई ठेवलेली असते, म्हणजे प्रोग्राम परस्पर ढवळाढवळ करत नाहीत. बदलू नका, कीच उडवा. आणि हो, रजिस्ट्रीतल्याच एचकी क्लासेस रूट या दुसऱ्या भागातल्या डॉट एलएनकेला हात लावू नका, तिथे 'एलएनकेफाइल' आहे ते बरोबर आहे.

डी-४०३ : 'असॉक' कमांडने (एक्स्टेंशनचा फाइलप्रकार ठरवते ती) एका ओळीत नाही का होणार?

बी-१०२ : नाही ना ताई. असॉक लिहितं सगळ्या मशीनच्या नोंदीत, लोकल मशीनखाली. युजरची निवड असेल तर विंडोज तीच आधी मानतं. म्हणून कमांड बिनबोभाट चालते आणि फरक शून्य.

ए-२०४ : झालं! आता 'ओपन विथ' मध्ये कधीच काढून टाकलेले प्रोग्राम दिसतायत, तेही काढता येतील?

बी-१०२ : फाइलएक्स्ट्सखाली त्या एक्स्टेंशनच्या 'ओपनविथलिस्ट' मध्ये ए, बी, सी अशा नोंदी असतात. नको ती उडवा आणि एमआरयूलिस्टमधलं (त्या नोंदींचा क्रम ठेवणारी ओळ) तेच अक्षरही. तरी दिसलं तर क्लासेस रूट › ॲप्लिकेशन्सखाली त्या प्रोग्रामच्या ईएक्सईची (प्रोग्राम चालवणाऱ्या फाइलची) की असेल, ती उडवा.

डी-४०३ : ही ॲप्लिकेशन्सची की फार छळते. प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की 'ब्राउज' करून निवडला तरी यादीत येतच नाही, काही मेसेजही नाही. कारण शेल › ओपन › कमांडमध्ये जुनाच पाथ असतो. तो नीट केला की येतो.

बी-१०२ : अगदी. आणि तिथे टक्के-एक (%1, म्हणजे उघडायच्या फाइलच्या नावाची जागा) भोवतीची दुहेरी अवतरणं विसरू नका. ती नसतील तर नावात स्पेस असलेली फाइल काही प्रोग्राम तुकड्यातुकड्यांत शोधत बसतात.

सी-३०१ : आणि डॉट एलएनकेऐवजी डॉट ईएक्सईलाच चुकीचा प्रोग्राम चिकटला असेल तर? रेजएडिट कसं उघडणार?

बी-१०२ : कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर. फाइल मेनूत 'न्यू टास्क' वर कंट्रोल दाबून धरून क्लिक केलं की थेट कमांड विंडो येते. तिथून 'रेग डिलीट' (रजिस्ट्रीतली की उडवणारी कमांड) ने डॉट ईएक्सईखालची युजरचॉइस उडवायची.