भाजल्यानंतर उन्हातल्या नोकरीवर कधी परतावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): स्टोव्हचा भडका उडून माझ्या पतींचे हात आणि छाती भाजली. मांडीची कातडी लावून वर्ष होत आले, तरी बोटे पुरती मिटत नाहीत. त्यांची सरकारी नोकरी गावोगाव फिरण्याची आहे. एप्रिलमध्ये ते रुजू होऊ शकतील का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट): ताई, एप्रिल टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात शरीर थंड राखण्याचा सगळा भार उरलेल्या त्वचेवर पडतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. व्रण निवायला १ ते २ वर्षे लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेले दाबाचे कपडे (व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे) दिवसाचे सुमारे २३ तास वापरावेत आणि बोटांचे व्यायाम एकही दिवस चुकवू नयेत.

उत्तर: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही, जुने काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. बैठ्या कामासाठी लेखी अर्ज करावा.

उत्तर: माझेही हात भाजले होते. कापूस वेचताना बोंडांची टोके नव्या कातडीला ओरखडतात आणि बधिरपणामुळे ते कळतही नाही, म्हणून रोज संध्याकाळी हात नीट पाहावेत.