आईची झोपेची गोळी एकदम बंद झाली, आता हात थरथरतात

कृष्णाकाठची:
आई ६८ वर्षांची, कराडजवळ गावी असते. बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ दिली होती, पंधरा दिवसांसाठी. ती सहा वर्षं चालली, रोज रात्री साडेनऊला. मागच्या रविवारी दुकानदार म्हणाला, नवीन चिठ्ठी आणा, नाहीतर देणार नाही. आई म्हणाली, "बरं झालं, सुटली एकदाची." मीही हो म्हटलं, त्याचं आता फार वाईट वाटतंय.

मंगळवारपासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. तांदूळ निवडायला बसली तर हातात सूप ठरेना, दाणे सगळे ओटीत. मिक्सर लावला की कानांवर हात ठेवते. पंख्याखाली बसूनही पाठ घामाने भिजते. काल रात्री उठून चादर झटकत होती, म्हणे मुंग्या आहेत. एकही नव्हती. शेजारच्या काकू म्हणतात, बाहेरचं काही आहे का बघून घ्या. हे गोळी सुटल्यामुळे असेल का?

मोगरा:
ताई, उद्यावर टाकू नका. हात थरथरतायत आणि नसलेल्या मुंग्या दिसतायत, म्हणजे आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. यात फिट येऊ शकते. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. गोळीचं रिकामं पाकीट बरोबर घ्या आणि किती वर्षं घेतली, कधी बंद झाली, हे आपणहून सांगा.

मी क्लोनाझेपाम, म्हणजे याच प्रकारची गोळी, तीन वर्षं घेत होते. माझ्याच मनाने सोडली आणि चौथ्या दिवशी एसटीत फिट आली. जीभ चावली गेली. घरच्यांना वाटलं जुनी चिंता उलटली. पण मला आधी कधी भांड्यांचा आवाज सहन होत नव्हता असं झालंच नव्हतं! डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि हळूहळू उतरवली. अकरा महिने लागले. शेवटच्या पाव गोळीने सगळ्यात जास्त दमवलं.

औषधवाला:
चिठ्ठीचा आग्रह बरोबरच आहे, हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत येतं, त्याची नोंद ठेवावी लागते. पण "एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना भेटा" एवढं सांगायला हवं होतं. मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो.

मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाला ही गोळी जोर देते. वर्षानुवर्षं घेतली की मेंदू त्या जोरावरच विसंबतो. तो काढून घेतला की आवाज, उजेड, घाम, धडधड, सगळंच उसळतं. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून एक-दोन दिवसांतच त्रास सुरू होतो. आईंचं मन कमकुवत आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. डोस साधारण दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के असा कमी करतात, त्रास वाढला तर थांबतात. पण घरी गोळ्या मोडून हे करू नका, डॉक्टरच ठरवतील.

कृष्णाकाठची:
त्याच रात्री नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं, गोळी पुन्हा सुरू केली. शुक्रवारी आई सलग पाच तास झोपली, मी उशाशी बसून होते. महिनाभर डोस हलवायचा नाही, मग सावकाश कमी करायचा असं ठरलंय.

आज वेणी घालताना तिने विचारलं, "मला व्यसन लागलं होतं का गं?" मला उत्तर सुचलं नाही. मोगराताई, तुम्ही काय सांगितलं असतं?

मोगरा:
व्यसनी माणूस नशेसाठी घेतो, त्यांनी डॉक्टरांनी दिलं म्हणून घेतलं. शरीराला सवय झाली, त्यांची चूक नाही. हेच सांगा, आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा. मी माझ्या बहिणीला सहा-सात वेळा विचारलं होतं.