सीमाभागातल्या ‘शेंगा’ आणि त्यांच्यावरची ‘चटणी’

प्रश्न : माझं माहेर पुण्याचं, सासर निपाणीचं. ‘चटणी लावलेल्या उकडलेल्या शेंगा’ ही पाककृती माहेरच्या मैत्रिणींना लिहून पाठवायची आहे. ‘शेंगा’ आणि ‘चटणी’ हे शब्द त्यांना नीट पोचतील का? सोबत उष्मांकही द्यायचे आहेत.

उत्तर : ताई, बेळगाव, चिकोडी, खानापूर, कुठंही नुसतं ‘शेंगा’ म्हटलं की त्या भुईमुगाच्याच. गवारीची, शेवग्याची असेल तर तसं नाव जोडावं लागतं. आपले कन्नड शेजारीही ‘शेंगा’च म्हणतात, ‘कुदिसिद शेंगा’ म्हणजे उकडलेल्या. बेंगळूरकडे मात्र ‘कडलेकायी’, म्हणून बसवनगुडीतल्या कार्तिकातल्या जत्रेचं नाव ‘कडलेकायी परिषे’. कन्नडमधला ‘नेलगडले’ मला फार आवडतो. नेल म्हणजे भुई, कडले म्हणजे हरभरा. आपण भुईत मूग पाहिला, त्यांनी हरभरा!

खरी अडचण ‘चटणी’ची. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं, मसाले घालून कुटलेलं तिखट. पुण्यात तो शब्द वाचून कुणी हिरवी मिरची-कोथिंबीर वाटेल, आणि ‘लाल तिखट’ लिहिलंत तर नुसती मिरचीपूड घालतील. तेव्हा ‘कांदा-लसूण चटणी’ असंच लिहा. मिरची संकेश्वरी असेल तर झणका, ब्याडगी असेल तर रंग.

‘वाफवलेल्या’ही लिहू नका. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात बुडवूनच उकडायच्या, म्हणजे मीठ टरफलातून दाण्यापर्यंत मुरतं. मग सोलून गरम असतानाच चटणी, कच्चं शेंगतेल, कांदा, लिंबू.

आणखी एक उत्तर : उष्मांक देताना ‘शेंगदाणे’ एवढंच लिहिलंत तर आकडे चुकतील. १०० ग्रॅम कच्च्या वाळलेल्या दाण्यांत सुमारे ५६७ किलोकॅलरी, २६ ग्रॅम प्रथिनं आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या दाण्यांत सुमारे ३१८ किलोकॅलरी, साडेतेरा ग्रॅम प्रथिनं, २२ ग्रॅम स्निग्धांश. उकडल्यानं सत्त्व निम्मं झालं असं नाही. दाण्यात पाणी भरलं, म्हणून वजन वाढलं. हे आकडे सोललेल्या दाण्यांचे आहेत, टरफलासकट शेंगांचे नव्हेत. वरनं घातलेलं तेल वेगळं धरा.

मिठाच्या पाण्यातल्या दाण्यांत १०० ग्रॅममागे साधारण ७५० मिलिग्रॅम सोडियम येतं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर पाण्यात मीठ घालूच नका, चटणीत ते असतंच. आणि बुरशी आलेल्या शेंगा सरळ टाकून द्या, तिचं विष उकळूनही जात नाही.