नाक गरम म्हणजे ताप नव्हे

कुणीतरी लिहिलंय की घोड्याचं नाक हाताला गरम लागलं की ताप समजायचा, ते सोडा हो, थर्मामीटर लावा, गुदद्वारात, आणि बाजूला उभं राहून, मागे नाही. ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस नॉर्मल. पण आपल्याकडे गोव्यात मे महिन्यात किनाऱ्यावरनं पळवून आणल्या आणल्या मोजलंत तर जास्तच येणार, आधी सावलीत गार होऊ दे.

नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते, निवांत असताना मिनिटाला २८ ते ४४, आणि ती ६० च्या वर राहतेय, चारा सोडलाय, सारखा पोटाकडे वळून बघतोय असं असेल तर पोट दुखतंय समजा, तेल-काढा पाजत बसू नका, घोड्याला उलटी जवळपास होतच नाही, जठर फुटू शकतं, सरळ व्हेटला फोन. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी कान लावून ऐका, गुडगुड हवीच, एकदम गप्प पोट मला तरी तापापेक्षा भयंकर वाटतं. हिरडी दाबून सोडली की २ सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे.

आणि पावसाळ्यात खूर रोज उचलून बघा, तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही दिसलं तर तबेला ओला राहतोय.