मदत हवी आहे: खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) केल्यावर जुन्या क्रेडिट कार्डाचं काय होतं?

मार्चपासून म्युनिकला आहे, तीन वर्षं तरी इथेच. पुण्यातलं बचत खातं नियमाप्रमाणे एनआरओ करायचंय. व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस, हे माहीत आहे. अडचण कार्डाची. त्याचं बिल याच खात्यातून कापलं जातं आणि आईच्या घरचं वीजबिल त्या कार्डावर आहे. शाखेत तीनदा फोन केला, उत्तर एकच: "मॅडम, एकदा येऊन जा." (जसं काही कोथरूडहून यायचंय!) ईमेलला उत्तर नाही. ओटीपीचा प्रश्न नाही, भारतातलं सिम रोमिंगवर चालू आहे. दिवाळीआधी येणं अशक्य.

टपालाने कागद पाठवून कुणी खातं बदललंय का? पासपोर्टची प्रत वकिलातीतूनच साक्षांकित करावी लागली, की इथल्या बँकेचा शिक्का चालला? आणि कार्ड चालू राहिलं की बंद झालं?